वर्गातला एक प्रश्न

कोलकात्यातील एस्प्लनेडवरून उत्तरेकडे गेले की कॉलेज स्ट्रीट लागतो. तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९४० मध्ये सी. आर. राव नावाचा तरुण एका नोकरीच्या मुलाखतीसाठी या शहरात आला. नोकरी मिळाली नाही. पण त्याने ही संस्था पाहिली आणि पुढे तो तेथेच शिकू लागला. काही वर्षांतच विद्यार्थ्याचा शिक्षक झाला.

१९४४ मध्ये राव कलकत्ता विद्यापीठाच्या वर्गात रोनाल्ड फिशर यांचा एक निष्कर्ष शिकवीत होते. मोठ्या नमुन्यावरून बांधलेला अंदाज जास्तीत जास्त किती अचूक असू शकतो, हे त्यात सांगितले होते. तेव्हा साताऱ्याच्या विनायक महादेव दांडेकर या विद्यार्थ्याने विचारले, की नमुना लहान असेल तर असेच काही सिद्ध करता येईल का? गुरू-शिष्य दोघेही १९२० साली जन्मलेले. रावांपाशी तयार उत्तर नव्हते. त्यांनी रात्र जागून ते शोधले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मांडले. १९४५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. स्वीडनचे हाराल्ड क्रामर स्वतंत्रपणे तेथेच पोहोचल्याने त्यास 'क्रामर-राव असमानता' म्हणतात.

या नावात दांडेकर नाहीत, आणि ते योग्यच आहे. सिद्धता रावांची होती. तरीही संशोधनाची वाट केवळ हुशारीने उघडते, हा समज या प्रसंगापुढे टिकत नाही. ती उघडली एका विद्यार्थ्याच्या शंकेने, आणि त्या शंकेला 'हे अभ्यासक्रमात नाही' असे न म्हणणाऱ्या शिक्षकाने. आपल्याकडे अशी वाक्ये किती सहज उच्चारली जातात! त्या काळी हातयंत्रावर आकडेमोड करण्यात दिवस जात. आज संगणक ती क्षणात करतो. परंतु नमुन्यात जेवढी माहिती आहे, तिच्यापलीकडची अचूकता वेगवान यंत्रही देऊ शकत नाही. कोणता नमुना घ्यावा आणि त्यास काय विचारावे, हे माणसालाच ठरवावे लागते.

दांडेकरांनी तेच केले. पुण्याच्या गोखले संस्थेत असताना नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे तपासले. रोज २,२५० उष्मांकांचे अन्न ज्यांना परवडत नाही, असे लोक देशात किती? १९७१ मध्ये त्यांनी उत्तर दिले: १९६०-६१ साली ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के, शहरांत सुमारे ५० टक्के.