नवसाचे घोडे आणि घरातले फडताळ

छंद म्हणून घोडे जमविणारे लोक जगात थोडेथोडके नाहीत. हे घोडे अर्थातच हरभऱ्याचा खुराक मागणारे नव्हेत; मातीचे, लाकडाचे, पितळेचे आणि अलीकडच्या काळात प्लास्टिकचे. अमेरिकेत तर या छंदाला एखाद्या शास्त्राची शिस्त आली आहे. शिकागोच्या ब्रेयर कंपनीने १९५० साली एका घड्याळाच्या सजावटीसाठी प्लास्टिकचा घोडा तयार केला. घड्याळ मागे पडले आणि लोक घोडाच मागू लागले. तेव्हापासून खऱ्या घोड्याच्या सुमारे एक-नवमांश मापाचे असंख्य घोडे त्या नावाने निघाले. त्यांच्या साच्यांच्या, रंगांच्या आणि सालांच्या याद्या संग्राहकांना तोंडपाठ असतात आणि केंटकी राज्यात १९९० पासून त्यांचा मेळावाही भरत आला आहे. या प्रकाराला हसण्याचे कारण नाही. हा घोडा फडताळावर उभा राहण्यासाठीच जन्माला आलेला असतो. त्याला तेथे ठेवताना कोणाचेही काही हिरावून घेतले जात नाही. आपल्या देशातील मातीच्या घोड्याची गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ज्या कोणा शिक्षकाला अगर कारकुनाला हा छंद लागेल त्याने ती आरंभीच समजून घेतलेली बरी.

आपल्याकडचा हा घोडा मुळात नवसाचा आहे. छोटा उदेपूरच्या मुलखातील राठवा, दक्षिण गुजरातेतील चौधरी आणि गामीत हे आदिवासी पीक आले, गुरे वाचली, घरात पाळणा हलला म्हणजे कुंभाराकडून मातीचा घोडा करवून घेतात आणि देवाच्या झाडाखाली नेऊन ठेवतात. तमिळनाडूत गावाच्या वेशीवर अय्यनार या रक्षक देवाचे स्थान असते. रात्री तो घोड्यावर बसून शिवारात गस्त घालतो अशी श्रद्धा असल्यामुळे त्याला घोडे वाहावयाचे. तेथे काही घोडे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे असतात. ते घडविणारा वेळार कुंभार पुष्कळदा त्या देवाचा पुजारीही असतो. गावाने मूठभर माती त्याच्या हाती दिली म्हणजे कामाला आरंभ होतो. घोडे तयार झाले की त्यांची मिरवणूक निघते, त्यांचे डोळे उघडण्याचा विधी होतो आणि मगच ते देवापुढे उभे राहतात. पुढे ऊन, पाऊस आणि वाळवी आपापले काम करीत राहतात. कान गळतो, पाय खचतो, घोडा मातीत मिळतो आणि पुढच्या नवसाला पुन्हा कुंभाराच्या दारी जावे लागते. घोड्याचे हे मोडणे त्या व्यवस्थेतला दोष नव्हे. त्या मोडण्यावरच कुंभाराची चूल पेटती राहिली आहे.

नेमके हेच शहरातील रसिकाला उमगत नाही. शोभेच्या वस्तूंच्या एखाद्या महागड्या दुकानात शेवाळ चढलेला, एक कान तुटलेला घोडा मांडलेला असतो आणि ‘अस्सल आहे, देवाचा आहे’ असे दबल्या आवाजात सांगून त्याची चढी किंमत मागितली जाते. गिऱ्हाईकालाही तोच हवा असतो. कोरा, लालभडक, नुकताच भट्टीतून निघालेला घोडा त्याला बाजारी वाटतो. वस्तुतः हा हिशेब अगदी उलटा आहे. कोऱ्या घोड्याचा पैसा कुंभाराच्या हाती पडतो. जुन्याचा, तो झाडाखालून उचलणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या. आपल्या देव्हाऱ्यातील खंडोबाचा टाक कोणी उचलून परमुलखातील दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मांडला, आणि वर त्याची कलात्मकता वाखाणली, तर आपणांस काय वाटेल? राठव्याचा देव उघड्यावर झाडाखाली बसतो, त्याला दार नाही आणि कुलूप नाही, एवढ्यावरून तो बेवारस ठरत नाही.

कायद्याची मदत येथे फारशी होत नाही. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७६ पासून अंमलात आहे. शंभर वर्षांहून जुन्या भाजक्या मातीच्या शिल्पाची नोंदणी करावी लागते, परवान्यावाचून अशा पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परंतु उघड्यावर पावसाळे सोसणारा मातीचा घोडा शंभर वर्षे टिकतो कोठे? ज्या वस्तूचा धर्मच नष्ट होण्याचा आहे, तिला पुरावस्तूचा कायदा ओळखत नाही. चोरीचा साधा कायदा आहे खरा. पण रानातल्या एका मोडक्या घोड्यासाठी फिर्याद कोण नोंदविणार आणि पंचनामा कोण करणार?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. संग्राहकांनी अशा वस्तू उचलल्याच नसत्या तर आज आपल्याला त्यांची माहिती तरी कोठून झाली असती? स्टेला क्रॅमरिश यांनी १९६८ साली फिलाडेल्फियात भरविलेल्या प्रदर्शनाने आदिवासी व ग्रामीण भारताची ही कला जगापुढे आणली. हकू शाह यांनी गुजरातेतील नवसाच्या मृण्मय वस्तूंवर ग्रंथ लिहिला. ही कामे मोलाचीच आहेत. परंतु हकू शाहांसारख्या अभ्यासकाचे मोल त्याने किती घोडे जमविले यावर ठरत नाही. घोडा कोणी केला, कोणत्या नवसापोटी, कोणत्या देवासाठी हे त्याने विचारून लिहून ठेवले, म्हणून ते मोल. ही टिपणे वगळली तर उरते ती भाजलेली माती. शिवाय आता दुसरी वाट खुली आहे. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयाने कारागिरांना बोलावून प्रेक्षकांसमोर काम करू देण्याची प्रथा पाडली. देवाची वस्तू न हलविता तिची विद्या पाहता येते, हे त्यातून सिद्ध झाले आहे.

तेव्हा संग्रह करावा, अवश्य करावा. मात्र घोडा घडविणाऱ्याच्या हातून घ्यावा. रजा-प्रवास सवलतीवर बंगालमध्ये जाणाऱ्याने विष्णुपूरची देवळे पाहून परत न फिरता बांकुडा जिल्ह्यातलेच पाँचमुडा गाव गाठावे. लांब मानेचा, ताठ कानांचा जो घोडा सरकारी हस्तकला भांडारांचे बोधचिन्ह म्हणून आपल्या ओळखीचा झाला, तो या गावचा. तो एकसंध घडविलेला नसतो. पाय, धड, मान आणि तोंड हे पोकळ भाग चाकावर निरनिराळे काढून ओल्या मातीने सांधतात आणि सावकाश वाळवितात. भट्टीची धुराडी उघडी ठेवली तर घोडा तांबडा निघतो. ती बुजवून धूर आत कोंडला तर काळा. माती तीच, कुंभारही तोच. दिवाणखान्यातील काळ्या घोड्याला ‘रंग कोणता लावला’ असे विचारणाऱ्यांची मला गंमत वाटते. धर्मठाकूर आणि मनसादेवी यांना वाहिला जाणारा हा घोडा कित्येक वर्षांपासून विक्रीसाठीही घडतो, म्हणून तो विकत घेताना संकोचाचे कारण नाही. २०१८ साली या कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने गावाचे नाव राखले जाईल. कुंभाराचे नाव मात्र गिऱ्हाइकालाच विचारून घ्यावे लागेल.

आणि इथेच शिक्षक-कारकुनांचे पारडे श्रीमंत संग्राहकाहून जड ठरते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी चष्म्यांचा व्यवसाय सांभाळीत दिवे, अडकित्ते, दौती अशा लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू जमविल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांचे संग्रहालय केले. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वीस घोड्यांना जागा नसते, पण पाचांना असते. आवक-नोंदवही ठेवण्यात ज्याची हयात गेली त्याला हे काम कोणी शिकवावयास नको: अनुक्रमांक, गाव, कारागीर, तारीख, दिलेली किंमत, आणि घोडा कोणत्या देवाचा हा शेवटचा रकाना. तो रकाना कोरा राहत असेल तर खरेदी लांबणीवर टाकावी. घोड्याच्या पोटाखाली पेन्सिलीने तोच अनुक्रमांक घालावा. शाळेत एखाद्या तासाला असा एक घोडा आणि त्याची नोंद मुलांच्या हाती दिली, तर भूगोलाच्या पुस्तकातील बांकुडा हे नाव त्यांना पुन्हा पाठ करावे लागणार नाही.

आगगाडीने घोडा आणावयाचा असेल तर पाँचमुड्याच्या घोड्याचे कान आणि शेपूट अगोदर काढून निराळी गुंडाळावीत. ती खोबणीत नुसती बसविलेली असतात आणि धक्का प्रथम त्यांनाच बसतो. पोकळ धडाभोवती पेंढा घट्ट भरावा, आणि घरी आल्यावर धूळ कोरड्या कुंचल्याने झाडावी, ओल्या फडक्याने नव्हे.