धुराचीही खातेवही

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचा कापूस युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन आकारणीत येत नाही. जालन्याचे पोलाद तेथे गेल्यास मात्र येते. ऑक्टोबर २०२३ पासून तेथील आयातदारांना उत्सर्जनाची माहिती देणे बंधनकारक झाले. २०२६ पासूनच्या आयातीसाठी त्यांना प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतील. पोलादासाठी उत्पादनातील थेट उत्सर्जनच मोजले जाते. भंगार विजेच्या भट्टीत वितळवून घडविलेल्या मालास हे अनुकूल आहे. परंतु पडताळलेली नोंद नसल्यास ठरावीक चढे प्रमाण गृहीत धरले जाते आणि कमी धुराचा मालही महाग ठरतो. मोठे कारखाने सल्लागार नेमतील; लहान उद्योजकाने निदान भंगार, स्पंज आयर्न व कोळसा यांची आवक स्वतंत्र खात्यात लिहावी. चोख खातेवहीचा पेढ्यांवरील जुना संस्कार येथे भांडवलाइतकाच मोलाचा ठरेल.