विश्लेषण : संदेश कूटबद्ध, तरी घराची दिनचर्या उघडी

लखनौ : दारावरचा कॅमेरा, आवाजाच्या आज्ञेवर चालणारा स्पीकर, मोबाइलवरून सुरू होणारा एसी या वस्तूंचे गोमती नगरसारख्या शहरी वसाहतींत आता अप्रूप राहिलेले नाही. ही उपकरणे पाठवतात ती माहिती बहुतांशी कूटबद्ध असते. मधल्या कोणाला ती वाचता येत नाही. मात्र संदेश किती वाजता निघाला, केवढा होता आणि कोणत्या कंपनीच्या सर्व्हरकडे गेला, हे लपत नाही. पाकीट बंद असले, तरी कोणाकडून किती पत्रे येतात हे पोस्टमनला ठाऊक असतेच.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपेची नोंद ठेवणारे यंत्र, घरातील कॅमेरा, वाय-फायवर चालणारा स्विच आणि ॲमेझॉनचा ‘एको’ स्पीकर अशी चार उपकरणे तपासली होती. एकही संदेश न उलगडता, केवळ डेटाच्या प्रवाहातील चढउतारावरून त्यांना घरातील हालचाल ताडता आली. रात्री माणूस कधी निजला, मध्येच कधी उठला, कॅमेऱ्यासमोर कधी वावर झाला, स्पीकरशी कधी बोलणे झाले, हे सारे त्या आलेखात दिसत होते. प्रवाह सतत सारखा ठेवला, म्हणजे मधूनमधून निरर्थक डेटा सोडला, तर हा माग पुसता येतो, असेही याच चमूने दाखवले. तो उपाय फारसा महाग नाही. पण ग्राहक मागत नाही, म्हणून उत्पादक देत नाही.

भारतात हा प्रवाह सर्वप्रथम दिसतो तो इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून इंटरनेट वापराच्या अशा नोंदी जपण्याची मुदत एका वर्षावरून किमान दोन वर्षे केली. तपास यंत्रणांची गरज समजण्याजोगी आहे. परंतु नोंद फक्त संशयिताची राहत नाही, सर्वांचीच राहते.

कॅमेऱ्याची वायर काढून ठेवता येते. विजेच्या स्मार्ट मीटरचे तसे नाही. दर पंधरा वा तीस मिनिटांचा वापर टिपणारे हे मीटरही घराची दिनचर्या बाहेर पाठवते आणि ते बसवायचे की नाही, हे बहुधा ग्राहकाच्या हाती नसते. शिवाय हा मार्ग दुहेरी आहे. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, चुकीचा आदेश गेल्याने लखनौसह उत्तर प्रदेशात एक लाखाहून अधिक स्मार्ट मीटर ग्राहकांची वीज एकाएकी खंडित झाली होती. संतापाचा रोख तेव्हा अंधारावर होता. मीटर काय टिपते, हा प्रश्न मागेच राहिला.

अमेरिकेत तो न्यायालयात गेला. इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल शहराच्या प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये सांगितले, की सरकारी वीज संस्थेने दर पंधरा मिनिटांचा वापर नोंदवणे ही घराची झडतीच ठरते. ती वाजवी असल्याचेही न्यायालयाने मान्य केले. मात्र नोंदींचा हेतू वीजपुरवठ्यापुरता आहे, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. आपल्याकडे पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचा भर ग्राहकाच्या संमतीवर आहे. पण मीटरच्या बाबतीत संमती नाकारण्याची सोयच नसेल, तर त्या संमतीला अर्थ किती?

मासिक बिलासाठी महिन्याचा एकूण आकडा पुरतो. वेळेनुसार दर लावायचे, तरी दिवसाचे काही टप्पे पुरेत. त्याहून बारीक नोंदी ग्राहकाच्या नावाशी किती काळ जोडून ठेवायच्या आणि पोलिसांनी वा अन्य कोणी मागितल्यास त्या कोणाच्या आदेशाने द्यायच्या, हे प्रश्न वीजदराच्या सुनावणीतही विचारता येतील. उत्तर प्रदेश विद्युत नियामक आयोगाचे कार्यालय गोमती नगरच्याच विभूती खंडात आहे.