चांभारगोंदे कुठे गेले?

(द्वितीय वर्ष कला)

2024 साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्या वेळी कट्ट्यावर, बसमध्ये, वर्गात नावावरून केवढे वाद झाले! मलिक अहमदाने भिंगारजवळ शहर वसवले इथपासून 1725 साली चौंडीला अहिल्यादेवींचा जन्म झाला इथपर्यंत सारा इतिहास ज्याला त्याला तोंडपाठ होता. परंतु याच जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावातून एक माणूस केव्हाच निघून गेला, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मलाही हे कळले ते इतिहासाच्या तासाला नव्हे, तर जातीच्या दाखल्यापायी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दाखला कुणाला कधी लागलाच नव्हता. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांच्या वाडवडिलांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांनी तो कुठून आणावा, हा प्रश्न कुणाला पडत नाही. पणजोबा मोटा आणि वहाणा शिवत गावोगाव फिरत. त्यांची नोंद कोण ठेवणार? अखेर आजोबांच्या थोरल्या भावाचे नाव कर्जत तालुक्यातल्या एका शाळेच्या जुन्या रजिस्टरात मिळाले. त्यात जन्मस्थळ लिहिले होते : 'चांभारगोंदे'. वंशावळ जुळली, जात जुळली, गाव मात्र जुळेना. टेबलामागच्या साहेबांनी संगणकाची यादी वरखाली केली आणि असे गावच नाही म्हणून कागद परत दिला.

आजीला विचारले तर ती हसली. "आरं, गोंदं म्हंजी तेच की! आमची सासू चांभारगोंदंच म्हनायची." म्हणजे श्रीगोंदे! ज्या स्टँडवर मी शंभरदा उतरलो असेन ते.

मग ग्रंथालयात बसलो. 1884 साली निघालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये श्रीगोंद्याच्या नोंदीत चांभारगोंदे हे दुसरे नाव दिले आहे, आणि ते गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून पडले असे सांगितले आहे. पेशवाईतल्या कागदांतही हेच नाव येते. शिंद्यांचे वाडे असलेले, 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या शेख महंमदांचे हे गाव. मालोजीराजे भोसल्यांनी त्यांना इथे आणून मठ बांधून दिला असे सांगतात. मालोजीराजांचे नाव राहिले, शिंद्यांचे राहिले, शेख महंमदांची यात्रा आजही भरते. गोविंदाचे काय राहिले? 'गोंदे' एवढे दोन अक्षरी शेपूट. तेही कशाचे ते कुणाला ठाऊक नाही.

हे मी घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "गेलं ते बरं झालं. त्या शब्दानं लोक हाक कशी मारतात ते तुला ठाव न्हाई." वडिलांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. त्यांनी तो शब्द शिवीसारखा ऐकला आहे. पण मित्रहो, इथे थोडा विचार करावा. गावाला नाव देणाऱ्यांनी तो शिवी म्हणून दिला नव्हता. एका कष्टकरी भक्ताची ओळख अख्ख्या गावाने आपल्या माथ्यावर घेतली होती. पाटलांची, देशमुखांची, सरदारांची नावे गावांना मिळाली यात नवल नाही; पण वहाणा शिवणाऱ्याचे नाव मिळावे, हे मात्र नवलच! 'श्री' लावल्याने गावाचा मान वाढला असे ज्यांना वाटले, त्यांना गोविंदाच्या नावात कोणता कमीपणा दिसला, हे मला विचारावेसे वाटते. इंग्रजांना दोष देऊन सुटका नाही. त्यांनी निदान दोन्ही नावे लिहून ठेवली.

गावाचे नाव पुन्हा बदला, असे मी म्हणणार नाही. पाट्या रंगवून झाल्या की गोष्ट तिथेच थांबते. पूर्वीच्या बेलापूर रोडचे श्रीरामपूर झाले, तरी रेल्वे स्टेशन बेलापूरच राहिले. प्रवासी काही चुकत नाहीत. दोन नावे एका गावात सुखाने नांदतात. म्हणून महसुलाच्या यादीत श्रीगोंद्यापुढे जुने नावही लिहावे, म्हणजे आमच्यासारख्यांचे कागद परत येणार नाहीत. आणि तालुक्यातल्या शाळांत गावाची माहिती सांगताना शिंद्यांच्या वाड्याआधी गोविंदाचे नाव घ्यावे. याला खर्च येत नाही.

गॅझेटियरच्या त्या पानाची झेरॉक्स काढून प्रतिज्ञापत्राला जोडली आहे. आमचे प्रकरण अद्याप टेबलावर आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी जुनी खते, मोडी कागद, शाळेचे दाखले असतील तर ते रद्दीत घालण्यापूर्वी त्यांवरचे गावाचे नाव तेवढे वाचावे. मोडी वाचता येत नसेल तर आजीला विचारावे. मात्र लवकर विचारावे.