नवाची शाळा आणि दुकानाची रात्र

प्राथमिक वर्गाचे नियम शाळा लिहिते. ते निभावणे मात्र बरेचसे घराच्या हाती असते. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुले रात्री उशिरा झोपतात, त्यांची झोप पुरी होत नाही, हे त्याचे कारण. पण सकाळ पुढे सरकली की व्यापारी घरांत रात्रही तितकीच पुढे सरकते. जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेले असते, तरी मूल जागेच. दुकान वाढवून, रोजमेळ जुळवून वडील साडेनऊला येतात आणि दिवसभरात त्यांच्या भेटीची तेवढीच वेळ असते. अशा मुलाला दटावून झोपवणे मला तरी योग्य वाटत नाही. आठवड्यातून दोन दिवस गल्ला भावाकडे किंवा मुनीमजींकडे सोपवून वडिलांनीच सातला घरी यावे. (दिवाळीच्या हंगामात हे जमणार नाही, हे ठाऊक आहे.)

उरलेली रात्र गृहपाठ खातो. वास्तविक केंद्राच्या २०२० च्या दप्तर-धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठच नको. तिसरी ते पाचवीला आठवड्याकाठी फार तर दोन तास. तरी वह्या उघडतात, त्या पुष्कळदा आपल्याच आग्रहाने.

उशिरा आलेल्या मुलाला कोणी वर्गाबाहेर ओणवे उभे केले, तर मात्र गप्प बसू नये. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. फक्त बाईंना भेटायला जाल तेव्हा, मुलाला झोपायला किती वाजतात, तेही खरे सांगावे.