खेळातले गणित, गाण्यातले वाचन

ऑस्ट्रेलियात शाळेआधीच्या वर्षाला एकच नाव नाही. व्हिक्टोरियात मूल ‘किंडर’ला जाते, क्वीन्सलंडमध्ये ‘किंडी’ला, न्यू साउथ वेल्समध्ये ‘प्रीस्कूल’ला, आणि तिथे ‘किंडरगार्टन’ म्हणजे चक्क शाळेचे पहिले वर्ष. नव्याने आलेले पालक पहिल्यांदा इथेच गोंधळतात. चौकट मात्र देशभर एकच आहे. शाळेआधीच्या वर्षी प्रत्येक मुलाला ६०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण १५ तास, बालशिक्षण मिळावे असे केंद्र आणि राज्य सरकारांनी २००८ मध्ये ठरवले. पाठोपाठ २००९ मध्ये ‘बिलाँगिंग, बीइंग अँड बिकमिंग’ हा राष्ट्रीय आराखडा आला. त्याची सुधारित आवृत्ती २०२३ ची.

या आराखड्यात अमुक अक्षरे आली पाहिजेत, शंभरपर्यंत अंक म्हणता आले पाहिजेत, असे कुठेही लिहिलेले नाही. भाषा आणि गणित रोजच्या व्यवहारात वापरण्याची क्षमता, आत्मविश्वास आणि ओढ, एवढीच त्याची अपेक्षा. परिणामी वही नाही, गृहपाठ नाही, आणि मूल संध्याकाळी वाळूने माखून घरी येते. ‘दिवसभर नुसते खेळतात’ ही पालकांची तक्रार त्यातून येते. ती अगदीच निराधार नाही. वाळूचा ढीग आणि डबे मुलांपुढे ठेवून शिक्षिका बाजूला झाली, तर खेळ होतो, शिकणे होईलच असे नाही. म्हणूनच आराखडा शिक्षिकेने हेतू मनात धरून खेळात उतरावे असे सांगतो. भातुकलीत चार पाहुणे आणि तीन ताटल्या असतील, तर ‘आणखी किती लागतील?’ हा एक प्रश्न पुरतो. मात्र तो नेमक्या वेळी सुचायला तयारीची शिक्षिका लागते आणि तिच्याकडे मुले मोजकी असावी लागतात. व्हिक्टोरियात तीन वर्षांपुढच्या अकरा मुलांमागे एक शिक्षक किंवा मदतनीस असावा लागतो. खेळातून शिक्षण ही स्वस्तातली सोय समजणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

मोजणे दिसते तितके सरळ नाही. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्याची तत्त्वे मांडली. एका वस्तूला एकच अंक द्यायचा, अंकांचा क्रम बदलायचा नाही आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे एकूण संख्या, ही त्यांतली मुख्य. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल सात बटणे मोजून दाखवते आणि ‘मग किती आहेत?’ असे विचारताच पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. त्याला अंक पाठ आहेत, संख्या अजून कळलेली नाही. ही समज वाढवायला घरही चालते, हे धरून ‘द स्मिथ फॅमिली’ या संस्थेने बॉब पेरी आणि ॲन जर्वासोनी या गणितशिक्षणाच्या अभ्यासकांबरोबर ‘लेट्स काउंट’ हा उपक्रम उभारला. बाजारहाट, स्वयंपाक, कपड्यांच्या घड्या यांतले गणित पालकांनी ओळखावे आणि मुलांशी त्याबद्दल बोलावे, एवढाच त्याचा गाभा.

हे बोलणे मराठीत झाले तर चालेल का, अशी शंका मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांत येतेच. मराठी संख्यानामे अवघड आहेत, हे खरे. ‘एकोणतीस’ म्हणताना कानावर तीस पडतात आणि लिहायचे असतात २ आणि ९. इंग्रजीत वीसच्या पुढे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. महाराष्ट्रात याच प्रश्नावरून २०१९ मध्ये रान उठले होते. मंगला नारळीकर अध्यक्ष असलेल्या समितीने ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात ‘तेवीस’सोबत ‘वीस तीन’ असाही पर्याय दिला आणि अनेकांना तो भाषेवरचा घाला वाटला. पण किंडरच्या वयात मुख्य काम दहा-वीसच्या आतले, तिथे ही अडचण जवळपास नाहीच. सात म्हणजे किती हे मराठीत उमगलेल्या मुलाला ‘सेव्हन’ हा फक्त नवा शब्द शिकायचा असतो. इंग्रजीसाठी घरातली मराठी बंद करण्याचा खटाटोप त्यामुळे अनाठायी ठरतो. घरची भाषा टिकवावी, असे आराखडाही सांगतो.

वाचनाचे थोडे वेगळे. मराठी मूल ‘कमळ’ सहज क-म-ळ असे फोडते, कारण लिपी अक्षरांची आहे. इंग्रजीत त्याहून बारीक, सुटे ध्वनी ओळखावे लागतात. त्याआधीची पायरी मात्र दोन्हीकडे सारखीच: यमके ऐकणे, टाळ्या वाजवत शब्द तोडणे, एकाच ध्वनीने सुरू होणारे शब्द शोधणे. आजीची बडबडगीते हे काम बिनबोभाट करत असतात. अक्षर-ध्वनींचे पद्धतशीर शिक्षण शाळेत सुरू होते. व्हिक्टोरियाने प्रेप (तिथले शाळेचे पहिले वर्ष) ते दुसरीपर्यंत ते २०२५ पासून लागू करायला घेतले. त्याचा दाब खाली किंडरवर येऊन तिथेही तक्ते घोकणे सुरू होण्याची भीती खोटी नाही.

मराठी वाचकाला खेळातून शिकण्याच्या या पद्धतीत परके वाटावे असे फारसे नाही. सिडनीच्या ब्लॅकफ्रायर्स शाळेत मार्था सिम्प्सन यांनी १९१२ मध्ये माँटेसरी पद्धतीचा प्रयोग सुरू केला. ताराबाई मोडक यांनी तीच पद्धत १९४५ मध्ये बोर्डीला नेली, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला. महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, खडे आणि शंखशिंपले साधने झाली.

मुलांची प्रगती तपासतानाही भर केवळ अक्षर-अंकांवर नसतो. ऑस्ट्रेलियात दर तीन वर्षांनी बालविकासाची गणना होते. शाळेच्या पहिल्या वर्षातल्या प्रत्येक मुलाबद्दल शिक्षक प्रश्नावली भरतात, मुलाची परीक्षा होत नाही. २०२४ मध्ये २३.५ टक्के मुले किमान एका क्षेत्रात मागे आढळली. क्षेत्रे पाच आहेत: शारीरिक स्वास्थ्य, सामाजिक वर्तन, भावनिक परिपक्वता, संवाद व सामान्य ज्ञान, आणि भाषा व आकलन. अक्षर-अंकांची ओळख यांतल्या फक्त शेवटच्या क्षेत्रात मोडते.