पाळणे मोजू नका, माणसं मोजा!



परीक्षा संपली की घराघरांत एक सभा भरते. विषय एकच : यंदा सुट्टीत कुठं जायचं? आणि 'थीम पार्क' हा शब्द कुणी उच्चारला, की सभेचा गोंधळ होतो. दादाला उलटंपालटं करणारी रोलर कोस्टर हवी असते, धाकटीला पाण्यात डुंबायचं असतं, बाबा तिकिटांची बेरीज करत बसतात आणि आजी म्हणते, "मी येते, पण पिशव्या सांभाळत बाकावर बसेन हो!"

हा बाक मोठा महत्त्वाचा आहे बरं का! वॉल्ट डिस्ने हे नाव तुम्हांला ठाऊकच आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये ते आपल्या दोन मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवायचे आणि स्वतः बाकावर बसून राहायचे. तिथं त्यांच्या मनात आलं, मुलांना आणि मोठ्यांना मिळून मजा करता येईल अशी जागा का असू नये? १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, त्यामागे हा विचार होता. पाळण्यांच्या बागा त्याआधीही होत्या. कोपनहेगनचं तिवोली तर १८४३ सालचं! पण एखादी गोष्ट, एखादी दुनिया उभी करून तिच्यात सगळ्या घराला फिरवायचं, ही थीम पार्कची खूण डिस्नेलँडमुळे जगभर पोचली.

आपल्याकडे १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं. आता ते बंद आहे. पण लाँचमधून खाडी ओलांडून तिथं जायचं म्हणजे काय थाट होता, ते आई-बाबांना विचारा. ते एकदम लहान होतील!

आता आजच्या तीन जागा पाहू.

इमॅजिका, खोपोली

मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून सकाळी निघून रात्री घरी परतता येतं, हा इमॅजिकाचा सर्वांत मोठा फायदा. राहण्याचा खर्च वाचतो. २०१३ साली हे पार्क सुरू झालं. इथली 'नायट्रो' ही रोलर कोस्टर म्हणजे धाडसी मंडळींचं तीर्थक्षेत्र! पायांखाली तळच नाही, पाय अधांतरी, आणि पाच वेळा उलटंपालटं. पण सगळंच असं नाही. १९८७ सालच्या 'मिस्टर इंडिया' चित्रपटावरची राइड आहे, अलिबाबाची गुहा आहे. बऱ्याच राइड्स छपराखाली असल्यामुळे उन्हाचा त्रास कमी होतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटं वेगवेगळी असतात. एका दिवसात तिन्ही उरकायचा हट्ट धरलात, तर खिसा आणि पाय दोन्ही दुखतील.

वंडरला, बंगळूर

म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळचं हे पार्क २००५ सालचं. याचं थोरलं भावंड कोचीला २००० साली 'वीगालँड' या नावानं सुरू झालं होतं. इथं एकाच तिकिटात जमिनीवरच्या राइड्सही मिळतात आणि पाण्यातल्याही. 'रिकॉइल' नावाची कोस्टर तुम्हांला पुढे तर नेतेच, पण त्याच वळणांतून पाठमोरी परतही आणते! तुमच्या घरात दहा-बारा वर्षांपुढची मुलं असतील आणि सगळ्यांना पाण्याची आवड असेल, तर वंडरलाला तोड नाही. पण पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, पोहण्याचे नायलॉनचे कपडे न्यावे लागतात. शिवाय महाराष्ट्रातून जायचं तर प्रवास लांबचा, म्हणून म्हैसूरची सहल जोडून घेतलेली बरी.

रामोजी फिल्म सिटी, हैदराबाद

हा खरं तर सिनेमाचा कारखाना. १९९६ साली सुरू झालेल्या या स्टुडिओची जगातला सर्वांत मोठा म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. क्षेत्रफळ १,६६६ एकर! इथं पडद्यावर दिसणारं रेल्वे स्टेशन आहे, विमानतळ आहे, 'बाहुबली'चा भव्य सेटही आहे. यातलं बरंचसं बसमध्ये बसून पाहायचं असतं, आणि आजीसाठी हेच उत्तम. पाळणे इथंही आहेत, पण केवळ थरारासाठी एवढ्या दूर आलात, तर थोडे हिरमुसाल. ऊन कडक असतं, तेव्हा टोपी आणि पाणी हवंच.

मग निवडायचं कसं?

वहीचं एक पान घ्या. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक रकाना आखा. मग प्रत्येक पार्कात त्या माणसाला आवडतील आणि झेपतील अशा निदान तीन गोष्टी लिहा. आजीच्या रकान्यात 'पिशव्या सांभाळणे' लिहिलेलं चालणार नाही हं! ज्या पार्कात कुणाचाच रकाना रिकामा राहत नाही, ते पार्क तुमचं. मग ते सर्वांत मोठं नसलं तरी चालेल. पिशव्यांसाठी लॉकर भाड्यानं मिळतात का, तेही आधीच विचारून घ्या.

निघण्यापूर्वी भिंतीपाशी उभे राहून सगळ्या भावंडांची उंची मोजा. मुलांचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतं. शिवाय राइडच्या फलकावर १४० सेंटिमीटर लिहिलं असेल आणि तुम्ही १३८ असाल, तर टाचा उंचावू नका. ही अट तुमचं धैर्य जोखत नाही. सुरक्षेचा दांडा विशिष्ट अंगकाठीच्या माणसाला घट्ट धरेल असा बनवलेला असतो. दोन सेंटिमीटरची लबाडी जिवावर बेतू शकते.

आता थोडं गणित. समजा, तुमच्या हाती सात तास आहेत, म्हणजे ४२० मिनिटं. जेवणाचा एक तास वजा केला की उरली ३६०. गर्दीच्या दिवशी एका राइडला रांगेसकट ४० मिनिटं लागली, तर होतील ९ राइड्स. शांत दिवशी २० मिनिटं लागली, तर १८! तिकीट तेच, मजा दुप्पट. म्हणून शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा.

आणि शेवटचं, पण फार मोलाचं. आत गेल्याबरोबर चुकामूक झाल्यास भेटायची जागा ठरवा. लहानग्यांच्या खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. केस बांधा, ओढणी काढून ठेवा. ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा पाठीचा त्रास आहे, त्यांना वेगवान राइड्सचा आग्रह मुळीच करू नका. कुणी भीती वाटते म्हणून रांगेतून मागे फिरलं, तर "भित्रा, भित्रा" म्हणून चिडवू नका. पोटात गोळा येणं अगदी स्वाभाविक आहे. ज्याला पुढच्या वर्षी बसायचंय, त्याला पुढच्या वर्षी बसू दे.

काय, पटलं ना? मग आणा वही, आखा रकाने आणि पहिला प्रश्न आजीला विचारा, "आजी, तुला काय बघायला आवडेल?"